‘रोगाचे जनुक’ म्हणजे नेमके काय?

बुरशींवरील संशोधनाचे अहवाल वाचताना एक वाक्य आपल्याला वारंवार भेटते. बुरशीचे नाव बदलते, जनुकाचे नाव बदलते, पण साचा तोच राहतो : ‘अमुक बुरशीतील तमुक संकेतवाहक जनुक हे वाढ, ताणसहनशीलता आणि रोगकारकता यांसाठी आवश्यक आहे.’ यामागची कामाची पद्धतही बहुधा ठरलेली असते. बुरशीतून एक जनुक काढून टाकायचे. मग ती बुरशी कशी वाढते, मीठ किंवा उष्णता सोसते का, आणि शेवटी पिकावर अथवा प्रयोगातील प्राण्यावर रोग घडवते का, हे पाहायचे. तिन्ही ठिकाणी ती कमी पडली की वरचे वाक्य लिहायला आपण मोकळे. हेच वाक्य वर्तमानपत्रापर्यंत पोहोचते तेव्हा त्याचे ‘रोगाचे जनुक सापडले’ असे होते, आणि तेथून ते वर्गात येते.

हे वाक्य खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. पण ते जितके सांगते असे वाटते तितके सांगत नाही. ‘आवश्यक’ या एका शब्दाखाली निरनिराळ्या चार-पाच गोष्टी झाकल्या जातात. त्या उलगडून पाहिल्याशिवाय विद्यार्थ्यांना हे वाक्य सांगितले, तर आपण त्यांना विज्ञानाचा निष्कर्ष देतो, पण निष्कर्ष कसा काढावा ते शिकवत नाही. म्हणून या लेखात या वाक्याचीच तपासणी करण्याचे आम्ही ठरवले आहे.

संकेतवाहक जनुक करते काय?

पाठ्यपुस्तकातून आपल्याला परिचित असलेले जनुक बहुधा एखादे विकर बनवणारे असते. १९४१ मध्ये बीडल आणि टॅटम यांनी न्यूरोस्पोरा या बुरशीवर केलेले प्रयोग आठवा. जनुकात बिघाड झालेली बुरशी साध्या खाद्यावर वाढेना. त्यात एक विशिष्ट जीवनसत्त्व घातले की वाढू लागे. त्यावरून ‘त्या जनुकामुळे ते जीवनसत्त्व बनते’ असा सरळ निष्कर्ष निघाला. एक जनुक, एक विकर ही कल्पना तेथूनच रुजली.

संकेतवाहक जनुकाचे काम वेगळे असते. त्यापासून बनलेले प्रथिन स्वतः काही पदार्थ तयार करून देत नाही. ते बातमी पोहोचवते. पेशीच्या बाहेरील परिस्थिती पेशीच्या आवरणावरील ग्राही प्रथिनांना कळते. तेथून बातमी आत जाते ती बहुधा कायनेझ नावाच्या प्रथिनांच्या साखळीतून. एक कायनेझ दुसऱ्याला फॉस्फेटचा गट चिकटवून जागे करते, दुसरे तिसऱ्याला. शेवटचे प्रथिन अनेक जनुकांचे काम चालू किंवा बंद करायला लावते. अशाच एका साखळीला मॅप कायनेझ साखळी म्हणतात. दुसरा एक मार्ग सायक्लिक एएमपी या लहानशा रेणूचा. या दोन्ही व्यवस्था यीस्टपासून माणसापर्यंत थोड्याफार फरकाने सारख्याच आढळतात.

शाळेच्या घंटेचे उदाहरण घेऊ. एके दिवशी कोणी घंटा पळवली, तर प्रार्थनेला मुले वेळेवर जमणार नाहीत, मधल्या सुटीचा घोळ होईल आणि शाळा सुटण्याचीही पंचाईत होईल. ‘घंटा ही प्रार्थना, मधली सुटी आणि शाळा सुटणे यांसाठी आवश्यक आहे’ हे विधान खरेच आहे. पण घंटेला कोणी ‘मधल्या सुटीचे कारण’ म्हणणार नाही. वेळापत्रक, घंटा वाजवणारा शिपाई, ती ऐकणारी मुले आणि ठोक्यांचा ठरलेला अर्थ हे सारे तिच्यामागे असते. संकेतवाहक जनुकांविषयी बोलताना मात्र आपण अगदी ही चूक करतो. एकच जनुक तीन वेगळ्या गोष्टींसाठी लागते, यात खरे तर नवल काहीच नाही. नवल आहे ते प्रत्येक ठिकाणी ते नेमके कोणते काम करते यात.

करप्याची बुरशी

हे पाहण्यासाठी भातावरील करप्यासारखे दुसरे उदाहरण नाही. कोकणात, मावळात किंवा भंडारा-गोंदियाकडे ज्यांनी भातशेती पाहिली आहे, त्यांना पानांवरचे ते दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी ठिपके ओळखीचे असतील. रोग लोंबीच्या मानेवर आला तर मान मोडते आणि दाणे पोचट राहतात. या रोगाची बुरशी मॅग्नापोर्थे ओरायझी. रोगकारक बुरशींमध्ये हिचा अभ्यास सर्वांत अधिक झालेल्यांपैकी ही एक. २००५ मध्ये तिच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ११,००० जनुके मोजली गेली.

तिचा बीजाणू तीन पेशींचा, नासपतीच्या आकाराचा असतो. तो ओल्या पानावर चिकटतो, त्यातून एक बारीक नळी फुटते आणि काही तासांतच नळीच्या टोकाशी एक घुमटासारखी पेशी तयार होते. हिचे शास्त्रीय नाव ॲप्रेसोरियम. आपण तिला दाबपेशी म्हणू. या पेशीच्या भिंतीत मेलॅनिनचा काळा थर असतो आणि आत ग्लिसरॉल साठत जाते. ग्लिसरॉलमुळे पाणी आत ओढले जाते, मेलॅनिनमुळे ग्लिसरॉल बाहेर झिरपत नाही, आणि आतला दाब वाढत जातो. १९९१ मध्ये हा दाब ८ मेगापास्कल, म्हणजे सुमारे ८० वातावरण इतका असल्याचे दाखवण्यात आले. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या हा ३५ ते ४० पट झाला. या दाबाच्या जोरावर दाबपेशी तळाशी एक बारीक खिळा पानात घुसवते.

नळीला पानाचा पृष्ठभाग ‘समजतो’ तो संकेतांमुळेच. पाणी न धरणाऱ्या मेणचट पृष्ठभागावर दाबपेशी बनते, पाणी धरणाऱ्यावर सहसा बनत नाही. परंतु पाणी धरणाऱ्या पृष्ठभागावरही बाहेरून सायक्लिक एएमपी घातले तर ती बनते, असे १९९३ मध्ये दिसून आले. जणू पान नसताना कोणीतरी ‘पान आले’ अशी घंटा वाजवली!

तीन भावंडे, तीन उत्तरे

या बुरशीत मॅप कायनेझ बनवणारी तीन प्रमुख जनुके आहेत : पीएमके१, एमपीएस१ आणि ओएसएम१. तिन्ही एकाच कुळातील. तिन्हींवर जनुक काढून टाकण्याचा प्रयोग झाला. उत्तरे मात्र तीन तऱ्हेची आली.

पीएमके१ विषयीचे काम १९९६ मध्ये झू आणि हॅमर यांनी प्रसिद्ध केले. हे जनुक नसलेली बुरशी काचेच्या ताटलीत नेहमीसारखी वाढली, तिने बीजाणूही तयार केले. पण तिला दाबपेशी बनवता आली नाही. मग पानाला जखम करून बुरशीला आयती वाट करून दिली, तरीही ती भातात पसरली नाही. म्हणजे हे जनुक केवळ दार फोडण्यासाठी नव्हे, तर घरात शिरल्यावरही लागते. आणि गंमत अशी की ज्या यीस्टमध्ये या जनुकाची भावंडे काढून टाकल्याने प्रजनन थांबले होते, त्या यीस्टमध्ये पीएमके१ घातल्यावर ते पुन्हा सुरू झाले. भातात जे ‘रोगाचे जनुक’, तेच यीस्टमध्ये जोडीदार शोधण्याचे जनुक!

एमपीएस१ ची हकिगत १९९८ मध्ये समोर आली. हे नसलेली बुरशी दाबपेशी बनवते, पण ती पानात घुसू शकत नाही. जखमेतून मात्र ती भाताला रोग लावते. येथे बिघाड फक्त दार फोडण्याचा आहे. शिवाय या बुरशीची पेशीभित्तीच कमकुवत असते आणि बीजाणूही कमी बनतात.

तिसरे ओएसएम१. यीस्टमध्ये याच जातीचे जनुक मीठ किंवा साखर फार झाल्यावर पेशीत ग्लिसरॉल साठवायला लावते. करप्याच्या दाबपेशीचा सारा खेळ ग्लिसरॉलचाच. तेव्हा ओएसएम१ काढले की दाबपेशी निकामी होईल आणि रोग थांबेल, असा अंदाज कोणीही बांधला असता. १९९९ मध्ये उत्तर मिळाले ते उलटे. ओएसएम१ नसलेली बुरशी खारट खाद्यावर खरोखरच अडखळली. पण तिच्या दाबपेशीत ग्लिसरॉल नेहमीसारखे साठले, दाब नेहमीसारखा निर्माण झाला आणि भाताला रोगही झाला. खारट पाणी सोसणे आणि दाबपेशी फुगवणे ही दोन्ही कामे आपल्याला सारखी वाटतात; बुरशीच्या हिशेबी ती वेगळ्या वाटांनी होतात.

आता आपल्या साच्यातील वाक्य या तीन जनुकांना लावून पाहा. ‘ताणसहनशीलता आणि रोगकारकता यांसाठी आवश्यक’ असे ओएसएम१ विषयी म्हणताच येणार नाही. पीएमके१ आणि एमपीएस१ दोन्हींविषयी ‘रोगकारकतेसाठी आवश्यक’ म्हणता येईल, पण तसे म्हटल्याबरोबर जखमेच्या प्रयोगाने दाखवलेला दोघांमधील फरक पुसला जाईल. जे सर्वांत शिकण्यासारखे आहे तेच वाक्यातून गळून जाते, ही आमची मुख्य तक्रार आहे.

लंगडा चोर

दुसरी तक्रार त्याहून गंभीर आहे. एखाद्या चोराचा पाय मोडला आणि गावातील चोऱ्या थांबल्या, तर ‘पाय हा चोरीचा अवयव आहे’ असे आपण म्हणत नाही. त्याला बाजारातही जाता येत नाही.

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स ही बुरशी रोगप्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसांत, विशेषतः एड्सच्या रुग्णांत, मेंदूच्या आवरणाचा दाह घडवते. तिच्यातील कॅल्सिन्यूरिन हे संकेतवाहक प्रथिन नाहीसे केले तर ती प्राण्यांत रोग घडवत नाही, असे १९९७ मध्ये दाखवले गेले आणि कॅल्सिन्यूरिन रोगकारकतेसाठी आवश्यक ठरले. पण त्याच प्रयोगांत असेही दिसले होते की ही बदललेली बुरशी २४ अंश सेल्सिअसला जगते आणि ३७ अंशांना वाढूच शकत नाही. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश. जी बुरशी आपल्या शरीराच्या उष्णतेत वाढतच नाही, ती रोग कसा घडवणार?

संशोधकांनी यात काही लपवले नव्हते; तापमानाची गोष्ट त्यांनीच सांगितली. आणि शरीराच्या तापमानात तग धरणे हे रोगकारक बुरशीचे पहिले सामर्थ्य आहे, असे कोणी म्हणाले तर ते बरोबरच आहे. हवेत आणि मातीत असलेल्या असंख्य बुरशींपैकी फार थोड्या ही पायरी ओलांडतात. पण ‘तापमान सोसता न आल्यामुळे रोग झाला नाही’ आणि ‘तापमान सोसूनही रोग घडवता आला नाही’ ही दोन विधाने वेगळी आहेत. वाढ, ताण आणि रोग हे तीन शब्द ‘आणि’ ने जोडले की वाचकाला तीन स्वतंत्र शोध लागल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो एकच शोध तीनदा मोजलेला असू शकतो.

‘ताण’ या शब्दाचेही असेच. ताण सोसणे हा काही एकच गुण नव्हे. न्यूरोस्पोरात ओएसएम१ च्या जातीचे जनुक आहे, ओएस-२. ते बिघडले की बुरशी खारट खाद्यावर वाढत नाही. पण फ्लुडिऑक्सोनिल या बुरशीनाशकाने नेहमीची न्यूरोस्पोरा मरते आणि हीच ‘दुबळी’ बुरशी तगून राहते. कारण हे औषध त्याच संकेतमार्गाला विनाकारण चेतवते. मीठ नसतानाच ‘मीठ आले’ अशी हाकाटी होते, पेशी फुगते आणि फुटते. ज्या बुरशीत हाक पोहोचवणारेच कोणी नाही, ती या फसवणुकीतून सुटते. मग ओएस-२ ताण सोसण्यासाठी आवश्यक, की ताणाला बळी पडण्यासाठी? उत्तर ताण कोणता यावर अवलंबून आहे.

चांगला पुरावा कसा असतो?

केवळ दोष दाखवून थांबणे योग्य नव्हे. याच क्षेत्रात ‘आवश्यक’ या शब्दाच्या पलीकडे जाणारे सुरेख प्रयोग झालेले आहेत, आणि तुलनेसाठी ते वर्गात अवश्य सांगावेत.

रोगजंतूची ओळख पटवण्याच्या कॉख यांच्या कसोट्या आपण शिकवतो. १९८८ मध्ये स्टॅन्ली फाल्को यांनी त्याच धर्तीवर जनुकांसाठी कसोट्या मांडल्या. त्यातील एक महत्त्वाची कसोटी अशी : जनुक काढल्यावर रोगशक्ती घटली पाहिजे, आणि ते परत घातल्यावर ती परतली पाहिजे. जनुक काढताना शेजारी भलतेच काही मोडले नाही ना, हे या दुसऱ्या अर्ध्याने कळते.

त्याहून पुढची पायरी म्हणजे संकेत दोन्ही दिशांना हलवून पाहणे. क्रिप्टोकॉकसमध्ये सायक्लिक एएमपीच्या मार्गावर एक कायनेझ आहे आणि त्याला लगाम घालणारे दुसरे प्रथिन आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कायनेझ काढल्यावर बुरशीची रोगशक्ती गेली. लगाम काढल्यावर बुरशीभोवतीचे संरक्षक कवच मोठे झाले आणि रोगशक्ती नेहमीपेक्षा वाढली. पाय मोडलेल्या चोराची शंका येथे टिकत नाही. नुसता बिघाड केल्याने कोणी नेहमीपेक्षा अधिक समर्थ होत नाही.

तिसरी पायरी वेळेची. जनुक सुरुवातीपासूनच नसेल तर पुढच्या टप्प्यांवर त्याचे काय काम होते ते कळत नाही, कारण बुरशी तेथवर पोहोचतच नाही. २०१८ मध्ये करप्याच्या बुरशीतील पीएमके१ असे बदलण्यात आले, की एका विशिष्ट रसायनाने त्याचे काम हवे तेव्हा बंद करता यावे. बुरशीला भाताच्या पहिल्या पेशीत शिरू दिले आणि मग जनुकाचे काम थांबवले. बुरशी त्या एका पेशीत अडकून पडली; शेजारच्या पेशीत जाण्याची अरुंद वाट तिला ओलांडता आली नाही. १९९६ मध्ये जखमेच्या प्रयोगाने जी शंका निर्माण केली होती, तिचे उत्तर असे २२ वर्षांनी हाती आले.

चौथी गोष्ट मोठ्या संख्येची. कँडिडा अल्बिकन्स ही माणसातील बुरशी गोल पेशीतून लांब तंतूचे रूप घेते, आणि रूप बदलण्याची ही क्षमता म्हणजेच रोगशक्ती असे दीर्घकाळ मानले जाई. २०१० मध्ये ६७४ जनुके एकेक करून काढून तपासली गेली. उंदरांत कमी पडलेल्या ११५ प्रकारांपैकी जवळजवळ निम्मे असे निघाले, की त्यांची वाढही ठीक होती आणि रूपबदलही ठीक होता. वाढ, रूप आणि रोग या तीन गोष्टी वेगळ्या करून पाहता येतात, फक्त तसे पाहायचे ठरवावे लागते.

मग त्या शब्दाचे काय करायचे?

२००७ मध्ये करप्याच्या बुरशीचे २१,०७० बदललेले प्रकार तपासले गेले आणि जनुकसंचातील रोगकारकतेशी संबंधित अशा २०२ नव्या जागा हाती लागल्या. या सर्वांना ‘रोगाचे जनुक’ म्हणायचे ठरवले तर त्या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. रोग ही बीजाणू चिकटण्यापासून ठिपका पडण्यापर्यंतची लांब वाट आहे, आणि तिच्यावरील कोणताही दगड काढला तरी वाट तुटते, एवढेच त्यातून कळते.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. भातावर अनेक वर्षे वापरले गेलेले ट्रायसायक्लाझोल हे औषध पाहा. ते ताटलीतील बुरशीला मारत नाही. ते फक्त मेलॅनिन तयार होऊ देत नाही. मग दाबपेशीत ग्लिसरॉल टिकत नाही आणि खिळा घुसत नाही. वाटेवरील नेमकी कोणती पायरी कशाने मोडते, हे ठाऊक असले की असे औषध समजते, आणि बुरशी आधीच पानात शिरली असेल तर ते फारसे का उपयोगी पडत नाही, हेही समजते. ‘रोगाचे जनुक सापडले’ या बातमीतून शेतकऱ्याला असे काहीच हाती लागत नाही. उलट, उद्या करपा हटणार अशी आशा मात्र लागते.

वर्गासाठी आम्ही एक साधा उपक्रम सुचवतो. फळ्यावर तीन ओळी लिहा : पीएमके१, एमपीएस१ आणि ओएसएम१ नसलेल्या बुरशी. पुढे पाच रकाने आखा : ताटलीतील वाढ, खारट खाद्यावरील वाढ, दाबपेशी, धड पानावर रोग, जखमी पानावर रोग. या लेखात जी माहिती आली आहे तेवढीच भरा. बाकीच्या जागा कोऱ्या ठेवा. मग विद्यार्थ्यांना विचारा की प्रत्येक जनुक वाटेच्या कोणत्या टप्प्यावर लागते, तुम्ही हे कशावरून म्हणता, आणि कोऱ्या जागांपैकी कोणती आधी भरली तर सर्वांत जास्त कळेल? शेवटच्या प्रश्नावर मुले हमरीतुमरीवर आली तर तास सार्थकी लागला असे समजावे.

आणि यापुढे ‘आवश्यक’ हा शब्द समोर आला, की आपणही तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. कोणत्या परिस्थितीत आवश्यक? कोणत्या टप्प्यावर? आणि ते परत घातल्यावर काय झाले? संशोधन अहवालाच्या आतील पानांवर ही उत्तरे पुष्कळदा दिलेली असतात. शीर्षकात ती मावत नाहीत, म्हणून शीर्षकापाशी थांबू नये.